कुणाच्याही बहिणीने न वाचलेला प्रबंध

नाव: हानितेली लोलोहेआ. राहणार: वावाऊ बेट, तोंगा. वैवाहिक स्थिती: अविवाहित, प्रयत्न थांबलेले. शिक्षण: समाजशास्त्रात डॉक्टरेट, अंतिम पूर्ततेच्या अधीन राहून. प्रबंधाचा विषय: 'कावाच्या बैठकीतील थट्टा आणि पुरुषांचे परस्परसंबंध'. संशोधनपद्धती: सहभागी निरीक्षण, म्हणजे कित्येक वर्षं रोज संध्याकाळी मांडी घालून बसणे आणि समोर आलेली कावाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाची, करवंटी रिकामी करणे. ओळखीची खूण: डावा पाय कायम मुंग्या आलेला.

ऑकलंडच्या एका विद्यापीठाने प्रबंध पसंत केला होता. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायचा, एवढंच उरलं होतं. त्याशिवाय पदवी नाही. शुक्रवारी दुपारी हानितेलीने बंदरावरच्या कॅफेत बसून तो चढवला आणि संध्याकाळी बैठकीत बातमी सांगितली.

"डॉक्टर झालास तर आधी माझा गुडघा बघ," कुणीतरी म्हणालं.

"आता तो वाचणार कोण?" विलिसोनीने विचारलं. विलिसोनी बैठकीतला सगळ्यांत म्हातारा. प्रबंधातले निम्मे चावट किस्से त्याच्याच तोंडचे.

"कुणीही, काका. सगळ्या जगाला खुला आहे. नॉर्वेतला माणूससुद्धा वाचेल."

"नॉर्वे खुशाल वाचू दे. माझी बहीण?"

करवंट्या भरणाऱ्या मुलीचा हात जागीच थांबला. ही मुलगी बैठकीतल्या कुणाच्याच नात्यातली नसावी लागते, कारण बहिणीच्या कानावर भावाच्या देखत चावट शब्द पडला की भावाची अब्रू गेली. बहीण-भाऊ एका खोलीत सिनेमासुद्धा बघत नाहीत. न जाणो, पडद्यावर कुणी कुणाचा मुका घेतला तर. हे सगळं हानितेलीने दुसऱ्या प्रकरणात तळटीपांसह मांडलं होतं. वाचकांना भाऊ असतात, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याची स्वतःची मेलेआने ताई तर शाळेत मास्तरीण होती आणि हाती पडेल ते वाचायची.

"एका जरी बहिणीने वाचलं," विलिसोनी म्हणाला, "तर आम्ही तुझ्या शेजारी बसायचं कसं? तुझी करवंटी दाराबाहेर."

 पदवीवाचून माणूस जगतो. पण त्या गावात संध्याकाळी बसायला दुसरी जागाच नव्हती.

शनिवारी विद्यापीठाचं ग्रंथालय बंद. रविवारी तोंगात देवाखेरीज कुणी काम करत नाही. सोमवारी सकाळी त्याने फोन लावला. पलीकडे पेनेलोपे नावाच्या बाई होत्या.

"बंद ठेवता येईल. कारण काय नोंदवू? व्यापारी गुपित, की जिवाला धोका?"

"बहिणी."

"बहिणींच्या जिवाला?"

"नाही, बाई. आमच्या. म्हणजे जिवाला नाही, अब्रूला."

"पण तुम्ही नावं कुठेच दिलेली नाहीत. सगळे नुसते 'सहभागी' आहेत."

"ताईला वाक्यावरून माणूस कळतो."

"मग फक्त तोंगापुरता बंद करू?"

"बहिणी ऑकलंडलाही आहेत. विलिसोनीकाकांच्या तर सॉल्ट लेक सिटीत."

"बरं. किती काळ?"

"शेवटची बहीण देवाघरी जाईपर्यंत."

पेनेलोपे बाईंनी पाच वर्षं लिहिलं. कारणाच्या जागी 'सांस्कृतिक संवेदनशीलता'. प्रबंध कुलपात का होईना पण चढलेला होता, म्हणून पदवी अडली नाही.

दुपारी मेलेआने ताईचा नवरा केलेपी आला. अळूच्या पानांत नारळाच्या दुधाबरोबर शिजवलेलं मटण ताईने पाठवलं होतं.

"बसा की, दाजी."

केलेपी बसला नाही. छपराकडे बघत म्हणाला, "कुणीतरी म्हणत होतं. कोण, ते मी सांगत नाही."

"बरं."

"चौथ्या प्रकरणातल्या डुकराच्या गोष्टीत शेवटी डुक्कर हसतं असं छापलंय."

हानितेलीचा घास हातातच राहिला.

"डुक्कर हसत नाही. पाद्रीबाई हसते. डुक्करच हसलं तर मग गोष्टीत राहिलं काय, असं म्हणत होतं."

"कोण?"

"कुणीतरी. आणि ती गोष्ट विलिसोनीची नव्हेच. बायका चटया विणायला जमतात त्या घरातली आहे ती. तिथून विलिसोनीच्या बायकोने घरी नेली."

"दाजी, कुणीतरी... रागावलंय का?"

"छे! शनिवारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतं. मग म्हणालं, पोराची मेहनत दिसते, पण तळटीपांत आळस केलाय. भांडं उद्या परत कर."

संध्याकाळी हानितेली बैठकीला गेला तो फाशीला चालल्यासारखा. दाराशीच विलिसोनीने हटकलं, "काय डॉक्टर? वाचला कुणाच्या बहिणीने?"

हानितेलीने करवंट्यांकडे पाहिलं. मग ताईच्या मटणाची आणि दाजींच्या 'कुणीतरी'ची आठवण झाली.

"नाही, काका. कुलूप घातलंय."

"शाब्बास. बैस." विलिसोनीने घसा खाकरला. "त्या डुकराच्या गोष्टीत मी जरा चुकलो होतो बरं का. शेवटी पाद्रीबाई हसते."

"मीही हेच म्हणणार होतो," शेजारचा म्हणाला. "माझे दाजी दुपारी सहज बोलले."

"माझेही," कोपऱ्यातून आवाज आला.

कुणाच्या दाजींना हे कुणी सांगितलं, असं कुणीही विचारलं नाही. विलिसोनीने गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली, पाद्रीबाईंना हसवलं, आणि या वेळी सगळे बऱ्याच दिवसांनी खरोखर हसले. हानितेलीची करवंटी त्याच्या पाळीला त्याच्याकडे आली.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रबंधासमोर अजूनही लिहिलेलं आहे: 'सांस्कृतिक संवेदनशीलतेस्तव वाचनास उपलब्ध नाही. प्रतीची मागणी विचारात घेतली जाणार नाही.'

गावात प्रिंटर एकच आहे. तो चटया विणायच्या घरात आहे.