बोडी फुटली म्हणजे काय

मी मूळचा साताऱ्याकडचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ग्रामसेवक झालो आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, पूर्वेला, गडचिरोलीकडच्या झाडीत. "मराठी मुलूखच आहे, भाषेची तरी चिंता नाही," असं घरी ऐटीत सांगून निघालो होतो.

त्या साली पावसानं मध्येच पाठ फिरवली. धान उभ्या उभ्या वाळलं. सरकारचाही हात आखडलेला. वरच्या साहेबांचा निरोप आला, यंदा तुझ्या हद्दीत एकच काम निघेल, कुठलं ते तू सुचव. मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

गावात सभा घेतली. जिच्या शब्दाला गावात मान होता अशी एक म्हातारी उठली. "साहेब, आमची बोडी फुटली जी. पयले तिचं पाहा."

आमच्याकडे बोडकी म्हणजे केशवपन केलेली विधवा, आणि फुटणं म्हणजे विरुद्ध पक्षाला जाऊन मिळणं. मी दोन्हींची सांगड घातली आणि चेहरा शक्य तितका पोक्त केला. "बाई, हे सरकारी पैशाचं काम नव्हे. चार जणांनी जाऊन समजूत घाला, येईल परत."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "समजूत घालून पानी परत येते का जी?"

बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांच्या, आमच्याकडच्या खाचरांच्या, वरच्या अंगाचं लहानसं तळं. तिची पाळ फुटली होती, बैलगाडी जाईल एवढी. ती बुजवली नाही तर पुढच्या पावसाचंही पाणी वाहून जाणार आणि धान पुन्हा हातचं जाणार. मी मनात म्हटलं, ठरलं. बोडीच.

पण जंगलाला लागून असलेला टोला, म्हणजे गावाबाहेरची लहानशी वस्ती, तीही माझ्याच हद्दीतली. तिथे विहीरच नव्हती. बाया कोरड्या नाल्याची रेती उकरायच्या आणि झिरपेल ते पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. एक घागर भरायला किती वेळ लागतो हे पाहायला मी तिथे बसलो. माझी बिडी संपली, दुसरीही संपली, घागर अर्धीच. म्हटलं, ठरलं. विहीरच. परतताना बोडीवरून आलो आणि पुन्हा बोडी ठरली.

दुसऱ्या दिवशी टोल्यावर जाऊन मी अक्कल पाजळली. पैसे निम्मे निम्मे वाटू.

टोल्यातला एक वडीलधारा हसला. "अर्ध्या हिरीत अर्धं पानी राह्यते का भाऊ? त्यापरीस बोडीच करा. हीर खंदाले चार मानसं पुरतेत. बोडीवर सारा टोला माती वाहाले जाईल. यंदा घरी दाना नाई."

"अन् मजुरीचा दाना शिजवाचा कशात?" शेजारून त्याची बायको म्हणाली. "रेतीत?"

"पोटात काई गेलं तं तहान लागन ना."

"तुले काय, पानी तुले आनाचं असते का?"

टोला आणि गाव यांच्यात निवाडा करायला आलो होतो, इथे एका चुलीपाशीच दोन पक्ष होते, आणि मला दोन्ही पटत होते.

अखेर तोडगा सुचला. काम बोडीचं, मजुरी टोल्याला, आणि गावच्या विहिरीवर टोल्याच्या बायांनी पाणी भरायचं. गावातली म्हातारी लगेच म्हणाली, "येऊ द्या ना."

हे मी टोल्यावर मोठ्या थाटात सांगितलं. त्या वडीलधाऱ्याच्या बायकोनं विचारलं, "किती दिस?"

"पुढच्या साली तुमची विहीर पहिली."

"पुढच्या साली तुमी इथी राहसान का?"

बदली कधीही होऊ शकते, हे मी कबूल केलं. ती म्हणाली, "मंग चला हिरीवर. सबन गावासमोर पयली घागर गावातल्या त्या म्हातारीनं वढून मले द्यावं."

म्हातारीनं खरंच बादली ओढली आणि टोल्यातल्या बाईच्या घागरीत ओतली. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात ती बाई माझ्याकडे वळली. "आता तुमी. जबान तुमी बी देल्ली ना?"

मी बाह्या सारल्या. बादली भरली, अर्ध्यावर आली, आणि दोर माझ्या हातातून सुळकन निसटला. दोरासकट बादली तळाला. गावात एकच बादली होती असं नाही, पण चांगली तीच होती.

म्हातारी आत डोकावून म्हणाली, "पुढच्या सालची हीर याच हातानं खंदनार का साहेब?"

टोल्यातली बाई हसली नाही. लोक बादली काढायचा गळ आणायला धावले. तिनं मिळालेली एक घागर डोक्यावर घेतली आणि ती टोल्याच्या वाटेला लागली.