ट्रॉलीची खांदेमळणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली. औशाजवळच्या आमच्या गावातही जिल्ह्याचे पेढे वाटले होते. पेढे संपले, विहिरी आटल्या आणि आम्ही नवरा-बायको तलावाच्या कामावर गेलो.

डोंगरावर दगडाची खाण, खाली तलावाचा बांध, मधे दीड हात रुंदीचे रूळ. भरलेली लोखंडी ट्रॉली आपल्याच वजनानं खाली उतरायची. रिकामी झाली की आम्ही चौघी बायका ती ढकलत वर आणायचो. उतरताना मागच्या फळीवर एक माणूस उभा असे. त्याच्या पायाखाली दांडा, दांड्याला लाकडी ठोकळा. दांडा दाबला की ठोकळा चाकाला घासायचा आणि ट्रॉली आवरायची. तो माणूस म्हणजे आमचे मालक, माझे घरधनी. त्यांना या कामाचा भारी तोरा. 'ब्रेकवाले' म्हटल्याशिवाय ओ देत नसत.

पोळा तोंडावर आला. आमची बैलजोडी बिलोलीकडं, माझ्या भावाकडं ठेवली होती, तिकडं वैरण होती म्हणून. कामावर कुणाकडंच बैल नव्हते. मुकादम म्हणाला, "बैल न्हाईत तर पोळा कशाचा? उद्या जिल्ह्याचे साहेब काम बघाया येनार हाईत. सुट्टी न्हाई."

मला संताप आला. पोळ्याला जू ठेवत नाहीत, ही रीत काय याच्या बापानं घातली होती? पण हजेरी त्याच्या हातात. माझ्यापुरतं मात्र ठरवलं, की सालभर ओझं ट्रॉलीनं वाहिलं, तर मानही तिचाच.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात, तशी वाटीत तेल-हळद कालवून ट्रॉलीपाशी गेले. मालक हसायला लागले. "अगं, याड लागलं का? हिला खांदा कुठं हाय?"

"बघते की," मी म्हणाले. ते बिडी ओढायला बाजूला गेले.

माझा बाप सांगायचा, जू जिथं घासतं तिथंच मळावं, जनावराचं तिथंच दुखतं. मी ट्रॉलीभोवती फिरले. ठोकळा चाकाला घासायचा तिथं लाकूड आणि लोखंड दोन्ही गुळगुळीत झाली होती. मला वाटलं, हाच हिचा खांदा. दोन्ही हातांनी तेल चोळलं. लाकूड सुकं होतं, पीतच राहिलं. मग बैलांना म्हणतात तसं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." खरं सांगते, त्या दुष्काळात मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

सकाळी साहेबांच्या जीपा आल्या. मालक फळीवर चढले, माझ्याकडं बघून मिशीवरून हात फिरवला. ट्रॉली सुटली. वळणाच्या अलीकडं ठोकळ्याची करकर रोज ऐकू यायची. त्या दिवशी आली नाही. ते दोन्ही पायांनी दांड्यावर उभे राहिले, सगळं अंग टाकून दाबू लागले, तरी ट्रॉली पळतच होती. मला तेव्हाच कळलं. "उडी टाका!" म्हणून मी ओरडले. पण खाली बांधावर माणसं होती, ते कसले उडी टाकतात! मी वर उभी राहून नुसती बघत होते.

वळणावर ट्रॉली उलटली. दगड बाजूला केले तेव्हा त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली पार चेचला होता. साहेबांच्याच जीपेतून लातूरच्या दवाखान्यात नेलं. जीव राहिला, पाय काढावा लागला.

दोन दिवसांनी मुकादम कागद घेऊन आला. ब्रेक वेळेवर दाबला नाही, असं त्यात लिहिलंय म्हणाला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाईनं नवऱ्याचा पाय खाल्ला म्हणतील, ही भीती वाटली. आणि मालक काय म्हणतील, ही त्याहून मोठी. मी अंगठा पुढं केला. शाईत बुडवायच्या आधी तो पिवळाच होता.

मालक म्हणाले, "माझाच पाय उशिरा पडला असंल." पुढं त्यातलं 'असंल' गळून गेलं. कुणी विचारलं की ते सरळ सांगत, "माझाच पाय उशिरा पडला."

पाऊस आला, बैल परत आले. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळून झाले की मालक उंबऱ्यावर बसत आणि उरलेला पाय पुढं करत. "आता ह्या बैलाचंबी मळ." मी हळद-तेल घेऊन बसायची. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगावं. बैल ऐकत उभे असायचे आणि मी वाटीतलं तेल संपवून उठायची.

त्यांच्या शेवटच्या पोळ्याला पाय माझ्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, "लई सोसलंस तू. माझ्या एका चुकीपायी."

मी वाटी जवळ ओढली आणि मळत राहिले.