पातळ कॉफी

सेल्वमचं नाव आधी सांगतो. त्या सकाळी त्यानं आपलं झेरॉक्सचं दुकान बंद केलं, मला गाडीवर मागं बसवलं आणि गर्दीतून हाताला धरून आत नेलं. नाहीतर मी दारातूनच परतलो असतो... आनंदरावमामा गेले होते.

मी विट्याकडचा. आठवीत शाळा सुटली, विसाव्या वर्षी तंजावरला गलाईच्या दुकानात सोनं गाळायला आलो. भाषा कळेना, छाती सारखी धडधडायची. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात मोडक्या तमिळमध्ये कॉफी मागितली, तर गल्ल्यावरचे म्हातारे, तेच आनंदरावमामा, म्हणाले, "बैस रे. कोणत्या गावचा तू?" पिढ्यान्‌पिढ्या इथलंच झालेलं मराठी घर ते. बोलण्याला तमिळ हेल, पण माझ्या कानाला तेच घर वाटलं. तेव्हापासून बारा वर्षं, रोज दोनदा तिथं.

एकच सलायचं. फिल्टरमधून पहिल्यांदा उतरतं ते दाट डिकॉक्शन मामा रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या सेल्वमला घालत. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढलेलं पातळ, ते मला. मराठीचं अक्षर न येणाऱ्या त्या माणसाचा पेला काळाभोर, आणि माझा पांढराफटक. इथं आम्हा सोनंवाल्यांना सगळे शेठचं 'सेट' करून हाक मारतात; वर तो म्हणायचा, "काय सेट, आज पण दूधच का?" मी मनात जळायचो. एकदा विचारलंच. मामा म्हणाले, "तुज तेच बरं." चार दिवस मी समोरच्या टपरीवर चहा प्यालो. पाचव्या दिवशी गेलो, तर त्यांनी पेला पुढं ठेवला... पातळच.

तेराव्याला मामी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुझा हात कापत होता. तेजाबाच्या धुरात काम, झोप नाही. दाट कापी यास सोसायची नाही, म्हणत होते."

सेल्वमला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मामांनीच सांगितलेलं. म्हणजे तिथंही पहिलं त्यालाच.

आता मामी विचारतात, कोणती देऊ? मी पातळच मागतो. सेल्वम शेजारी दाट पितो, आणि मला अजून खुपतं, खोटं कशाला बोलू. परवा तो पेल्यात बघत म्हणाला, "सेट, बारा वर्षं तुम्ही दोघं मराठीत बोलायचात. मी नुसता बसायचो. एवढं काय बोलायचात हो?"

"असंच, गावाकडचं," एवढंच मी म्हणालो. मामांचं ते बोलणं माझ्या एकट्याचं आहे, अजून कुणाला देववत नाही. पण एक दिवस सेल्वमला समोर बसवून सगळं तमिळमध्ये सांगीन. एक शब्द मागं ठेवणार नाही.