जिनच्या ठेसणावर न उतरायचं ठरलं तेव्हा

पौष शुद्ध षष्ठी, निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे एक्कावन्न. बाजाराचा दिवस म्हणून जिनला सुट्टी होती आणि मी घर सारवायला काढलं होतं. अर्धी ओसरी झाली होती, तेवढ्यात अक्का दारात येऊन उभी राहिली. हातात ताटली, ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा.

"काय करायलीस?"

"दिसंना का? शेण कालवायले."

"हात धू. बेलभंडारा उचलायचाय. बाकीच्या देवळापाशी आल्यात."

मी हात धुतले.

ही शपथ कशासाठी होती ते आधी सांगते. सेलूच्या अलीकडे रुळाला लागून कापसाचं जिन होतं आणि त्या जिनसाठी म्हणून एक ठेसण बांधलेलं होतं. ठेसण म्हणजे मुरमाचा ओटा, वर चार पत्रे आणि एक पाटी. पाटीवर उर्दूत काय लिहिलं होतं ते आमच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. आम्ही जिनचं ठेसण म्हणायचो. तिथं गाव नव्हतं, मास्तर नव्हता, तिकिटाची खिडकी नव्हती. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत सकाळची एक आणि संध्याकाळची एक गाडी तिथं थांबायची, तीही फक्त जिनच्या माणसांसाठी. शेजारच्या शेतातल्या माणसानं हात केला तरी थांबायची नाही. गाडी थांबवायची की नाही ते जिनवाले रेल्वेला कळवत.

आमच्या गावच्या आम्ही सतरा जणी जायचो. कापसातला पाला आणि डागी कापूस निवडायचा, मशीनला कापूस लावायचा. प्रत्येकीला जिनचा पितळी बिल्ला होता. गाडीत तोच पास आणि जिनच्या फाटकावर तीच हजेरी. सगळे बिल्ले एका दोऱ्यात ओवून अक्काच्या गळ्यात असायचे, कारण मुकादमीण ती. तपासणारा आला की अक्का दोरा वर धरायची. फाटकावर मुंशी दोऱ्यातले बिल्ले मोजायचा, आमची तोंडं बघायचा नाही. बिल्ला हरवायची भीती नको म्हणून आम्हालाही ते बरं वाटायचं.

आदल्या दिवशी सुटताना मुंशीनं सांगितलं होतं की परवापासून काम दिवस मावळेपर्यंत चालेल आणि शाम की गाडी नै रुकती. घरी कसं जायचं म्हणून विचारलं तर म्हणाला, "पाँव हैं ना?"

तीन कोस, रुळाच्या कडेनं. माझी मुलगी चार महिन्यांची होती. सकाळी तिला पाजून निघायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं येऊन पाजायचं, असं मी बसवलं होतं. मधल्या वेळात सासू तिला शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर कशीबशी धरायची. संध्याकाळची गाडी गेली की माझं काम तरी सुटणार किंवा पोरीचं अंगावरचं दूध तरी.

उपाय अक्कानंच काढला होता.

"उद्या कुनीच उतरायचं न्हाई," ती देवळापाशी म्हणाली. "ठेसण आलं की बसल्या जागी बसायचं, सरळ सेलूपर्यंत. तिकडं कापसाच्या गाड्या फाटकात तुंबल्यात. सतरा जणी न्हाई गेल्या तर काय करतील?"

"मंग मुंशीच लावंल कापूस मशीनला, पायजमा सावरून!" एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

अक्कानं एकेकीच्या हातावर बेल ठेवला, वर भंडारा टाकला आणि वदवून घेतलं. आमच्या घरी बेल महादेवाला वाहायचा; त्याची शपथ मी लग्नानंतर पहिल्यांदाच घेतली. अक्का माझ्या माहेरगावची. जिनमध्ये तिनंच लावलं, माझं बाळंतपण तिनंच केलं, पोरीची नाळ तिनंच कापली. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, असा प्रश्नच नव्हता.

सकाळी गाडीत तिच्याजवळ नेहमीपेक्षा मोठं गाठोडं होतं. त्यातून भाकरीच्या काठवटीची कड दिसत होती.

"अक्का, काठवट कशाला?"

"सेलूला सुताराला दाखवायचीय. चीर गेलीय."

मला ते पटलं. सेलूला जायचंच होतं.

जिनच्या ठेसणावर गाडी थांबली. कुणी हललं नाही. ओट्यावर मुंशी उभा होता, आणि तो घाबरलेला दिसत नव्हता. मग अक्का उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि उतरली.

"अक्का!"

"चला गं, उतरा," ती खालून म्हणाली. "बिल्ले माझ्याकडं हायेत. तपासणाऱ्याला काय दाखवताव, बेल?"

मुंशी हसला. डब्यात दोघी एकमेकींकडं बघत उठल्या. त्यांच्यामागं आणखी तिघी. "दोराच गेला, मग बसून काय करायचं," असं एक जण मला म्हणाली, जणू मीच तिला बसवून ठेवलं होतं. शेवटी डब्यात मी एकटी राहिले. गार्डानं शिटी वाजवली आणि मीही उतरले. हे लपवत नाही.

"माझा बिल्ला दे," मी अक्काला म्हणाले.

"संध्याकाळी देते. आता तमाशा करू नको."

"काल बेल उचललास तू."

"मी कुठं उचलला? मी ताटली धरली होती."

खरंच होतं. तिनं सतरा नाही, सोळा जणींच्या हातावर बेल ठेवला होता. शपथ देणारीच्या हातावर कुणी ठेवत नाही. आमच्याकडं तशी रीतच नाही, आणि मला ते सुचलंही नाही. शपथ झाल्यावर दोरा तिच्या गळ्यातून काढून घ्यावा, हेही सोळांपैकी एकीला सुचलं नाही. तिनं फसवलं खरं, पण फसायची सगळी तयारी आम्ही आपल्या हातांनी करून दिली होती.

दुपारच्या सुट्टीत मी ठेसणामागं गेले. तिथं जिनच्या चार खोल्या होत्या. एका खोलीच्या दारात अक्काची काठवट वाळत होती. उचलून पाहिली. चीर नव्हती. आमचा बेत मुंशीला विकून खोली मिळाली होती तिला. आता तिला कुठलीच गाडी लागत नव्हती.

ती आतून बाहेर आली. "माझ्या जागी तू असतीस तर?"

"तर खोली मिळायलीय असं सांगितलं असतं," मी म्हणाले. "मग बेल वाटत फिरले नसते."

"लय बोलायलीस."

"बिल्ला दे."

तिनं गाठ सोडून माझा बिल्ला काढला. पंधरा मागं राहिले आणि तिचा स्वतःचा.

संध्याकाळची गाडी न थांबता गेली. आम्ही कापसात बसलेल्या; रुळांचा आवाज आला तशी एकेकीची मान वर झाली आणि खाली गेली. दिवस मावळल्यावर सुटलो. अर्धा चंद्र होता म्हणून खडी आणि वाट वेगळी दिसली. सोळा जणी एकीमागं एक चालत होतो. काल जिच्यावर सगळ्या हसल्या ती मुंशीच्या पायजम्याची गोष्ट कुणी काढली नाही. माझी चोळी दुधानं भिजून गार पडली होती. घरी पोचले तर पोर रडून रडून निजली होती. सासू एवढंच म्हणाली, "आज थांबली न्हाई का गाडी?"

"न्हाई. आणि आता थांबणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला झोळीत घेतलं, बिल्ला घरी भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि गावच्या ठेसणावर खिडकीतून सेलूचं तिकीट काढलं. जिनच्या ठेसणावर गाडी थांबली. पंधरा जणी उतरल्या; बिल्ले अक्काकडंच होते, पण त्या दिवशी तपासणारा आलाच नव्हता. अक्का ओट्यावर दोरा घेऊन उभी होती. तिनं डब्यात पाहिलं आणि हातानं खूण केली, उतर. मी पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि पाजत राहिले. सेलूला गाडी सगळ्यांसाठीच थांबते. तिथं उतरले, पहिलं जिन दिसलं त्याच्या फाटकावर गेले आणि आत जायच्या आधी दोन गोष्टी विचारल्या: पोर जवळ ठेवता येईल का, आणि बिल्ला कुणाच्या हातात राहतो.