टिटवीच्या प्रमाणपत्रावरचा शेरा

आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तिचं नाव टिटवी पडलं ते आवाजावरून. पाय काटकुळे होते हेही खरं, पण मुख्य आवाज. तिची आई जवळजवळ बहिरी, त्यामुळे घरात पहिल्यापासून टिपेत बोलायची सवय. आणि एका वेळी एकच गोष्ट बोलायची. "बाटली फुटली." थांबायची. समोरच्याला कळलंय असं दिसलं की पुढचं. "काच तुमच्या पायाशी आहे." पुन्हा थांबायची. "हलू नका." बाकीच्यांनी एवढंच सांगायला चऱ्हाट लावलं असतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सहा महिने ती आमच्याकडे प्रशिक्षणाला होती. मी तिथली प्रमुख. त्याला बारा वर्षं झाली, मला निवृत्त होऊन सात. पुढे ती तीन प्रयोगशाळांत मुलाखतीला गेली, तिन्हींकडून हात हलवत परत आली आणि एका कुरिअर कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसली ती तिथंच राहिली. हे सगळं मला गेल्या मंगळवारी कळलं, कारण ती आमच्या दारात उभी होती.

"मॅडम, ओळखलंत?"

"आवाज खाली कर, मला ऐकू येतं. ये आत."

खुर्चीच्या टोकावर बसली. पाणी प्यायली नाही.

"रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात अर्ज केलाय. लोकांचे फोन घ्यायचे, गाडी पाठवायची." थांबली. "लेखी परीक्षा पास झाले." थांबली. "वयाची अट आहे. यंदा नाही तर मग नाहीच."

"मग माझ्याकडे काय काम काढलंस?"

"जिवाच्या जोखमीचं काम जिथं केलं, तिथल्या वरिष्ठांची शिफारस लागते. कुरिअरमध्ये कसली जोखीम? फार तर कुणाची चप्पल हरवते. तुमच्याकडचे सहा महिने, तेवढेच धरतात. पत्र चालत नाही, तिथल्या प्रमुख बाई स्वतः फोन करतात. उद्या अकराला."

मग तिनं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. अक्षर माझं, सही माझी. खाली शेरा: "कामात चोख. परंतु अधिकार ओलांडते. एकटीवर काम सोपवू नये."

"त्यांच्याकडे याची प्रत गेलीय," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणा, वय लहान होतं. मी तेव्हा चुकले, हे मला मान्यच आहे."

ती गेल्यावर माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही दोघी विधवा एकाच घरात राहतो आणि एकमेकींचं सगळं ऐकतो.

"ताई, म्हणून टाका की लहान होती म्हणून. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"तुला कळत नाही त्यात पडू नकोस."

"नेहमीचंच!" म्हणाली आणि भांडी आपटायला गेली.

तिला कळत नव्हतं कारण मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. झालं होतं ते असं. पाण्याचा नमुना काचेच्या नळ्यांत घालून उबदार पेटीत ठेवायचा. पाणी दूषित असेल तर दुसऱ्या दिवशी नळीत वायूचा बुडबुडा दिसतो. पण बुडबुडा म्हणजे नुसता संशय. त्याच नळीतला थेंब घेऊन पक्की चाचणी करायची, तिला आणखी एक-दोन दिवस. ती झाल्याशिवाय कुणाला काही कळवायचं नाही, हा नियम. त्या शनिवारी मी दाढ काढायला गेले होते आणि टिटवी एकटी होती. मुलांच्या इस्पितळाकडे जाणाऱ्या पाण्याच्या पाच नळ्या तिनं पेटीतून काढल्या. पाचही नळ्यांत बुडबुडे. मला दोन फोन केले. मी तोंड उघडून खुर्चीत पडलेली. मग तिनं सरळ जलकेंद्रावर फोन केला आणि लाइन बंद करायला लावली.

हाहाकार झाला. इस्पितळाला टँकर पाठवले, दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. जलकेंद्रानं पाइप धुवून काढला, क्लोरीन दुप्पट केलं. वरून मला फोन: तुमच्याकडे कारभार कोण चालवतं, शिकाऊ पोरं? मी सुजलेल्या गालानं प्रयोगशाळेत गेले, आणि रागाच्या भरात नोकराला सांगितलं, त्या नळ्या उकळ आणि धुवून टाक. पक्की चाचणी केलीच नाही. सोमवारी धुतलेल्या पाइपातून नवा नमुना आणला. तो स्वच्छ निघणार नाही तर काय होणार? त्याच्या जोरावर मी टिटवीला खोटी ठरवलं, उकळलेल्या नळ्यांचं तिला कळू दिलं नाही, आणि महिन्याभरानं तो शेरा लिहिला.

विज्ञान शिकलेल्या बाईनं पुरावा उकळून टाकला. शेंबडं पोरही करणार नाही असं काम.

बुधवारी साडेदहापासूनच फोनजवळ बसले. वय लहान होतं, एवढं म्हटलं तर खोटंही नव्हतं आणि माझी अब्रूही राहत होती. नळ्यांचं सांगितलं तर जी शिफारस करायची तिचाच पाया खचत होता. आपला शेरा खोटा म्हणणाऱ्या बाईची शिफारस खरी का मानावी कुणी? बरोबर अकराला फोन वाजला.

कक्षाच्या प्रमुख बाई. आवाज घाईचा, पण उद्धट नाही. "मॅडम, दहा मिनिटं घेईन. तुमचा शेरा समोर आहे. आमच्याकडे माणूस एकटाच फोनवर असतो. आणि तुम्ही लिहिलंय, एकटीवर काम सोपवू नये. मग शिफारस कसली करताय?"

जाऊ दारात येऊन उभी राहिली होती. मी पाठ फिरवली.

"शेरा चुकीचा आहे," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. दाढ, नळ्या, नोकर, सोमवार.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.

"म्हणजे ती बरोबर होती?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. तेच तर मी केलं."

"मग आज मी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका. तिनं काय केलं तेवढं बघा. आधी मला दोनदा फोन केला. मी मिळाले नाही म्हणून पुढे गेली. आणि मी आल्यावर लपवलं काही नाही."

"एक विचारते," त्या म्हणाल्या. आता घाई नव्हती. "आमच्याकडे नियम आहे. पत्ता पक्का झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. ही बाई सोडेल?"

नाही म्हणणं इतकं सोपं होतं! पण पुन्हा तेच करायचं?

"सोडेल," मी म्हणाले. "अर्धा पत्ता कळला की त्या दिशेनं सोडेल, आणि उरलेला विचारत राहील. एका वेळी एक प्रश्न. रडणाऱ्या माणसालाही उत्तर देता येईल असा."

"हे मी तिच्या बाजूनं लिहू की विरुद्ध?"

"ते तुम्ही ठरवा. तुमच्या गाड्या आहेत."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. दहाऐवजी चौदा मिनिटं झाली होती.

"बुडवलंत पोरीला," जाऊ म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. गुरुवार असाच गेला. जाऊनंही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी दुपारी टिटवीचा फोन आला.

"घेतलं. तीन महिने जुन्या माणसाच्या शेजारी बसायचं. मग एकटीनं."

"छान झालं."

"त्या बाईंनी मला नळ्यांचं सांगितलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम, मी बारा वर्षं समजत होते की मला तेव्हा भास झाला. घाबरून बुडबुडे दिसले. त्यानंतर तीन ठिकाणी मुलाखतीत मी स्वतःच सांगितलं, मी चुकले होते म्हणून."

"भास नव्हता. बुडबुडे होते. मी आल्यावर माझ्या डोळ्यांनी बघितले."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"शरम वाटली. आधी राग होता, मग शरम."

"तुम्ही वाईट वागलात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"हो."

"सोमवारी रुजू व्हायचंय," म्हणाली, आणि फोन ठेवला.

जाऊनं भाजी चिरता चिरता विचारलं, "लागली का?"

"लागली."

"मग आभार तरी मानले का बाईसाहेबांनी?"

"कशाबद्दल मानायचे?" मी म्हणाले आणि दुसरी सुरी घेऊन तिच्यासमोर बसले.