बंद मशीन परवानगी मागत होतं

आधीच सांगते, मी देवाला हात जोडते तेसुद्धा घरच्यांच्या समाधानासाठी. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर राग नाही… मीही हसले असते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी थोरल्या भावाकडे राहायचे. भाऊ भुसावळला रेल्वेत. नव्या यंत्रांचं त्याला भारी वेड. परदेशातल्या मित्राकडून त्याने राऊटर मागवला होता. फोनची लाइन एकच, तिच्यावर दोन कॉम्प्युटर चालायचे — त्याचा हॉलमध्ये, माझा मागच्या खोलीत. मे महिन्यात राऊटर तापतो म्हणून या पठ्ठ्याने तो कूलरसमोर स्टुलावर ठेवलेला! जळगावचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर मी फायरवॉल टाकली होती. दुसरं कुठलं मशीन बोलायला आलं की ती खिडकी उघडून आधी मला विचारायची — येऊ देऊ का? भाऊ चिडवायचा, "राऊटर बसलाय ना दारात? बाहेरचं कोण येतंय तुझ्याकडे?"

"बाहेरच्याचं नाही रे, तुझ्याच मशीनमधून व्हायरस आला तर?" मी म्हणायचे.

त्या दुपारी भाऊ ड्युटीवर होता. जाताना त्याने कॉम्प्युटर आणि राऊटर, दोन्हींचे प्लग काढून ठेवले होते. घरात मी आणि धुळ्याहून आलेली, घरात अहिराणीच बोलणारी आमची थोरली बहीण, अक्का. ती हॉलमध्ये कूलरपुढे पडली होती. मी आत दार लावून क्लासची प्रश्नपत्रिका टाइप करत होते.

अचानक फायरवॉलची खिडकी उघडली. भाऊचा कॉम्प्युटर आत यायला मागतोय… नाव त्याचंच. म्हटलं, अक्काने काहीतरी बटणं दाबली वाटतं. मी 'नाही' दाबलं. पुन्हा खिडकी. पुन्हा 'नाही'. मग वैतागून 'परत विचारू नको' यावर खूण केली. त्यानंतर ती यायलाच नको. पण आली… आणि मग एकीवर एक येतच राहिल्या. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते.

"अक्का! हात काढ आधी!" ओरडतच मी दार उघडलं.

अक्का कूलरपाशी अनवाणी उभी होती. फरशीवर पाणी सांडलेलं. एका हातात कळशी, दुसरा हात कूलरच्या पत्र्याकडे गेलेला — तो माझ्या आवाजाने तिथेच थांबला.

"काबर वरडस वं? कूलरमा पानी सरी गयं, गरम हवा ई ऱ्हायनी."

"भाऊच्या कॉम्प्युटरला हात लावलास?"

"मी कसाले लावू? त्यानी वायर तं काढेल शे."

खरंच. दोन्ही प्लग स्टुलावर पडलेले. राऊटरचा एकही दिवा लागलेला नव्हता.

पाणी मीच भरते म्हणून कूलरचा प्लग काढला, तर जळका वास आला. आत पाहिलं. पंपाची वायर वितळून पत्र्याला चिकटली होती. कोपऱ्यावरच्या सलीमभाई इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी फरशी कोरडी करून घेतली, क्षणभर प्लग लावला आणि पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला.

"बहन, इसको किसीने हाथ लगाया?"

"नाही."

सलीमभाई अक्काच्या ओल्या पायांकडे बघत राहिले. मी खाली बसून ते पाय ओढणीने पुसायला लागले आणि मला रडू फुटलं.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, पत्र्यातला करंट राऊटरपासून माझ्या मशीनपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये उतरला असेल. पण केबल कूलरला कुठेच टेकत नव्हती. शिवाय करंटने माझं मशीन जळेल, त्याच्या मशीनचं नाव कसं उमटेल? नंतर जाणकारांना विचारलं. कोणी व्हायरस म्हणालं, कोणी प्रोग्राममधली चूक. असेलही. पण चुकीने नेमकी तीच वेळ का गाठावी?

अक्का धुळ्यात मजेत आहे, नातवंडांवर ओरडत असते. मी भुतंखेतं अजूनही मानत नाही. फक्त कधीतरी मनात येतं… त्या दुपारी जे कोणी विचारत होतं, त्याला मी दर वेळी 'नाही' म्हटलं. माझं ऐकून ते परत गेलं असतं, तर?