भैरवराव आणि उतू जाणारं दूध

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अर्धा किलो वाल सोलणं. ती सोलत होती आणि मी सोलल्यासारखं करत होतो, कारण माझं लक्ष पाठांतरात होतं. तिच्या मांडीवर नाटकाची वही उघडी. पानांना वालाचं पाणी लागलेलं.

माझी शाळा दुसरीत संपली. (शाळेला त्याचं वाईट वाटलं, असं कुणी कळवलं नाही.) पण गावदेवीच्या जत्रेच्या नाटकात तीस वर्षं मुख्य काम माझंच. कारण आवाज. मी मिठागरावरून हाक मारली तर पार उरणच्या बाजारातला माणूस मागे वळून बघायचा. वाचायचं काम बायकोचं, सखूचं. ती सातवी पास. ती हातातलं काम करता करता वाचायची, मी ऐकायचो, आणि एकदा कानात गेलं की ते तिथून गावदेवीसुद्धा काढू शकत नाही.

ते नाटक आमच्या गावच्या मास्तरांनी स्वतः लिहिलेलं. नायक सरदार भैरवराव. पहिल्या अंकात गर्वाने फुगून एकुलत्या एका मुलाला घराबाहेर काढतो, दुसऱ्यात हट्टापायी लढाई हरतो, तिसऱ्यात त्याच मुलाचं प्रेत मांडीवर घेऊन रडतो आणि मरतो. "माणूस बदलत जातो, तो बदल दिसला पाहिजे," मास्तर म्हणाले.

घरी येऊन सखूला विचारलं, "बदल म्हंजे नक्की काय करू?"

ती म्हणाली, "पहिल्या अंकात तुमी हाय तसंच ऱ्हावा. तिसऱ्यात त्याच्या उलटं करा. झालं."

तिसरा अंक तिने वाल सोलताना वाचला, एकदाच. चार दिवसांनी ती झोपेतच गेली. त्या वर्षी जत्रा झाली, नाटक झालं नाही.

मी रडलो नाही. दहाव्याला नाही, बाराव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि शेवटी कंटाळून जेवायला उठायचे. चुलतभाऊ तोंडावर म्हणाला, "दगड हायस तू." मी त्याला शिवी दिली, पण मलाच आतून भीती वाटायला लागली. पन्नास वर्षं जिने संसार ओढला तिच्यासाठी दोन टिपं निघत नाहीत, म्हणजे हा माणूस आहे की धोंडा?

यंदा मास्तरांनी तेच नाटक पुन्हा काढलं. तालमीत मी तिसऱ्या अंकाला आलो की मास्तर कपाळ धरून बसायचे.

"अहो, हा पहिल्या अंकातलाच भैरवराव आहे. मांडीवर पोराचं प्रेत आहे, भाताचं पोतं नाही."

"पोरगा जड हाय," मी म्हणालो. (मुलाचं काम पोस्टमन गणेशकडे. वय चाळीस, वजन ऐंशीच्या पुढे.)

"नाही रडलात तर पुढच्या वर्षी काम गणेशला देईन."

सून निर्मला म्हणाली, "आबा, रुमालाला बाम लावून देते. डोळ्याला लावायचा, पाणी आपोआप." मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, तो म्हणाला, "जास्त लाव. आबांना थोड्याने काय होत न्हाय."

जत्रेचा दिवस आला. रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू. तालमीत मास्तर शेजारी उभे राहून एकेक वाक्य सांगायचे आणि मी मागून म्हणायचो. आता ते वही घेऊन विंगेत गेले. डाव्या विंगेत. मला ऐकू येतं फक्त उजव्या कानाने.

मी घाबरलो नाही. सगळं सखूच्या आवाजात डोक्यात होतं. मी डोळे वटारले आणि सुरू केलं.

"हा वाडा माझा, ही तलवार माझी, आणि या घरात शब्दही माझाच चालेल. थांबा जरा, दूध उतू जातंय."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आधी गॅस बंद करा, सरदार!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाचता वाचता ती जे जे बोलली होती ते सगळं मी पाठ केलं होतं. वहीतलं कुठलं आणि घरातलं कुठलं, हे निवडायला मला वाचता कुठे येतंय? दर वर्षी शेवटी सगळं म्हणून घेऊन ती ते निवडून द्यायची, या वेळी तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या अंकात मी फौजेला हुकूम दिला, "उठा, शस्त्रं घ्या, मांजर हाकला." फौजेतले चौघे आज्ञाधारक. दोघांनी खरंच मंचावरच्या पलंगाखाली वाकून बघितलं. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. डाव्या विंगेत मास्तर वही हलवून मला काहीतरी सांगत होते. मला वाटलं, वारा घेतायत.

मध्यंतरात ते धावत आले. "वहीत मांजर कुठे आहे?"

"मला काय माहीत? वही तुमची."

तिसऱ्या अंकाला पडदा वर गेला तेव्हा लोक हसायला तयारच बसले होते. गणेश मरून माझ्या मांडीवर पडला. मी खिशात हात घातला. रुमाल नव्हता. तो पहिल्या अंकातल्या जरीच्या कोटात राहिला होता आणि तिसऱ्या अंकात मी कंगाल, अंगात फाटकी बंडी. मग दुसरं काय करणार? सखूच्या मागोमाग म्हणत गेलो.

"मी हरलो. याच हातांनी माझं घर मोडलं. आता मी कुणाला हाक मारू? हां, हितं सावकाश. हितं रडायचं."

लोक हसले.

"न्हाय आलं रडू तर न्हाय आलं. घाबरायचं काय त्यात? मी पुढंच बसणार हाय."

आणि मी पुढे बघितलं.

पुढच्या चटईवर निर्मला बसली होती. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.

मग जे सुटलं ते सुटलं. माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच आहे, आणि वर माईक. हसणारा मंडप एकदम थांबला. भैरवरावाने त्यानंतर खंजीर मारून घ्यायचा असतो. तोही रडत रडत मारून घेतला, आडवा झालो, आणि तरी रडणं थांबेना. पडद्याची दोरी त्याच वेळी अडकली. उघड्या मंचावर मेलेला सरदार गदगदा हलतोय आणि हुंदके देतोय.

गणेश डोळे मिटूनच पुटपुटला, "आबा, तुमी मेलाय. गप पडा."

"मेलो तरी थांबत न्हाय रे," मी म्हणालो. तेही माईकवर गेलं.

शेवटी फौजेने मला दोन्ही बाजूंनी उचलून आत नेलं. मास्तर डोळे पुसत आले. "हाच बदल मला पाहिजे होता."

"मला न्हवता पाहिजे. पण बरं झालं," मी म्हणालो. खरंच बरं झालं होतं. छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटत होतं. निर्मला सगळ्यांना सांगत होती, बाम कुठला ते. रुमाल अजून जरीच्या कोटातच होता.

वर्षभर पहाटे चारनंतर मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर उन्हं अंथरुणावर, घड्याळात दहा, आणि निर्मला माझ्या नाकाखाली बोट धरून उभी. मागे मुलगा, मुलाच्या मागे गणेश, सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"आबा, आमाला वाटलं तुमी..."

"तो कालच मेला," मी म्हणालो आणि कुशीवर वळलो. "मला अकरानंतर उठवा."